दात्याची पाटी, लोकांची बाग

पुण्यातल्या बहुतेक महापालिका उद्यानांत सकाळी अकराच्या सुमारास रखवालदाराची शिट्टी वाजते. फिरायला येणारे केव्हाच घरी गेलेले असतात. मागे राहिलेले असतात दोन-चार आजोबा, झाडाखाली वही उघडून बसलेला स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी, नुकताच डबा सोडायला बसलेला कुरिअरवाला. सगळ्यांना बाहेर काढून फाटकाला साखळी लागते, ती दुपार उलटेपर्यंत. ऊन सर्वांत कडक असतं त्याच वेळी सावली बंद. चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बायकांना दिवसभरात मोकळी अशी एवढीच वेळ मिळते. घर लांब असतं, दुपारी जाऊन परत यायचं तर बसभाडं परवडत नाही, म्हणून त्या कुठल्या तरी सोसायटीच्या जिन्यात नाहीतर पार्किंगमध्ये टेकतात. हाकेच्या अंतरावर बाग असते, बागेत बाक असतो आणि बाकाच्या पाठीवर ‘कै. आईवडिलांच्या स्मरणार्थ’ अशी पाटी असते.

त्या बाकासाठी कुणीतरी मनापासून पैसे दिलेले असतात आणि त्या माणसाबद्दल मला आदरच आहे. पण बागा, मैदानं, टेकड्या, राखीव जंगलं यांच्यासाठी आपल्याकडे जे दान दिलं जातं ते असं बाकापाशी येऊन थांबतं. त्या बाकावर कोण बसू शकणार, किती वाजेपर्यंत बसू शकणार, हे दाता विचारत नाही आणि महापालिका सांगत नाही. माझं म्हणणं असं की या जागांसाठी दान घ्यावं, मागून घ्यावं. पण त्या पैशानं जागा जास्त लोकांना, जास्त वेळ खुली झाली पाहिजे आणि ही अट करारात लेखी असली पाहिजे. जे दान जागेवर हक्क मागतं, ते कितीही मोठं असलं तरी नम्रपणे परत करावं.

मुंबईनं हे फार पूर्वी करून दाखवलं आहे. 1838 च्या सुमारास इंग्रज सरकारनं कॅम्प मैदानावर गुरं चारायला फी लावली. ज्यांच्या दारात एखादी गाय-म्हैस, त्यांना ती परवडेना. तेव्हा जमशेटजी जीजीभाई यांनी पदरचे 20,000 रुपये घालून ठाकूरद्वारजवळ समुद्रालगतची गवताची जमीन विकत घेतली आणि तिथं लोकांची गुरं फुकट चरू दिली. पुढच्याच दशकात माहीम आणि वांद्रे यांच्यामधली खाडी ओलांडायला पक्का रस्ता हवा होता आणि सरकार खर्च करायला तयार नव्हतं. जमशेटजींच्या पत्नी अवाबाई यांनी एकूण 1,57,000 रुपये दिले. अट एकच, की या रस्त्यावरून जाणाऱ्या-येणाऱ्या रयतेकडून सरकारनं टोल घ्यायचा नाही. लेडी जमशेटजी मार्ग हे नाव मुंबईत आजही आहे, म्हणजे नाव लागण्यावर कुणाचाच आक्षेप नव्हता. बाईंनी नाव घेतलं, हक्क घेतला नाही. उलट आपल्या पैशाच्या जोरावर सरकारचे हात बांधले, आणि तेही लोकांच्या बाजूनं.

सार्वजनिक जागेसाठी दान कसं द्यावं याचा याहून चांगला नमुना मला तरी ठाऊक नाही. देणारा श्रीमंत असतो, त्याचा शब्द चालतो, मंत्रालयात त्याला वेळ मिळते. हे वजन तो कशासाठी वापरतो यावर सगळं ठरतं.

दानधर्माच्या परंपरेचं गुणगान इथंच थांबवायला हवं, कारण त्या परंपरेला दुसरी बाजू आहे. पुण्य म्हणून बांधलेल्या विहिरी, तलाव, धर्मशाळा गावोगाव होत्या, आणि त्यांतल्या असंख्य ठिकाणी दलितांना पाऊल टाकायची बंदी होती. 1923 मध्ये मुंबई विधिमंडळात सीताराम केशव बोले यांनी ठराव मांडला आणि तो मंजूर झाला: सार्वजनिक पैशातून बांधलेले आणि चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्य मानलेल्या वर्गांना खुल्या असाव्यात. महाडच्या नगरपालिकेनं त्यानुसार चवदार तळं खुलं केल्याचं ठरवलं. ठरलं ते कागदावरच राहिलं. 20 मार्च 1927 ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हजारो लोकांसह त्या तळ्यावर जाऊन पाणी प्यावं लागलं, आणि त्यानंतर त्या लोकांना मारही खावा लागला. महाराष्ट्रात ‘सार्वजनिक’ जागेचा विचार या घटनेला वळसा घालून करताच येत नाही. दात्याचं मन मोठं असणं पुरत नाही, मालकी नगरपालिकेची असणंही पुरत नाही. आत प्रत्यक्षात कोण जाऊ शकतं आणि कोण जाऊ शकत नाही, ते बघावं लागतं.

आजच्या बंद्या वेगळ्या आहेत. त्या तिकिटाच्या, वेळेच्या, कपड्यांच्या, फाटक कुठल्या बाजूला ठेवलं त्याच्या. मुंबईत राणीच्या बागेचं मोठ्या माणसाचं तिकीट पेंग्विन आल्यावर 2017 मध्ये 5 रुपयांवरून 50 रुपये झालं. चौघांच्या कुटुंबासाठी 100 रुपयांची सवलत ठेवली हे खरं, पण भायखळ्याच्या गल्ल्यांतून सहज म्हणून आत जाणाऱ्या माणसाला त्या दिवसापासून हिशेब करून जावं लागलं. ही वाढ कुठल्या खासगी दात्यानं केलेली नव्हती. त्यामुळं ‘खासगी वाईट, सरकारी चांगलं’ एवढ्यावर माझं समाधान होत नाही.

कायद्यानं पाहिलं तर दानाला इथं मोकळं रान आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमात धर्मादाय हेतू कोणते ते दिलेलं आहे. गरिबांना मदत, शिक्षण, वैद्यकीय साहाय्य यांच्याबरोबर तिथं लोकांच्या करमणुकीच्या आणि फावल्या वेळच्या सोयीही येतात, त्या समाजहितासाठी असतील तर. म्हणजे बाग लोकांसाठी खुली ठेवणं हे आपल्या राज्यात कायद्यानंच धर्मादाय काम आहे. 1 एप्रिल 2014 पासून मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते, त्यातही पर्यावरण आणि वन्यजीव येतात. पैसा आहे आणि देणारे आहेत.

अडतं ते कशासाठी द्यायचं इथं. कंपनीला प्रकल्प हवा असतो, मार्चअखेर दाखवायला फोटो आणि आकडा हवा असतो. म्हणून रोपं लावली जातात, कारंजी बसतात, ओपन जिम येतं. रोपांना पुढची तीन वर्षं पाणी कोण घालणार, कारंज्याची मोटर जळली की कोण बदलणार, जिमचं पायडल तुटून त्याचा लोखंडी दांडा उघडा पडला की तो कोण कापणार, यासाठी कुणी एक रुपया ठेवत नाही. महापालिकेचं देखभालीचं काम ठेकेदाराकडे, ठेकेदाराचा माळी रोजंदारीवर, आणि तो एक माळी तीन बागांत फिरणारा. बाग दुपारी बंद का, असं विचारलं की जी उत्तरं मिळतात त्यात ‘माणसं नाहीत’ हे उत्तर नेहमी असतं. दुसरं उत्तर जोडप्यांबद्दलच्या तक्रारींचं असतं. ते मला पटत नाही. तरुण मुलामुलींनी कुठंच बसू नये असं वाटणाऱ्यांसाठी सगळ्या गावाची सावली कुलपात ठेवायची, याला कारभार म्हणत नाहीत. पण माणसं नाहीत हे खरं आहे, आणि दानानं सुटू शकेल असा हाच प्रश्न आहे.

आपल्याकडे शाळेत कायमठेव ठेवायची फार चांगली पद्धत आहे. कुणी निवृत्त शिक्षिका पन्नास हजार ठेवते, व्याजातून दरवर्षी संस्कृतमध्ये पहिल्या येणाऱ्या मुलीला बक्षीस मिळतं. बाई जातात, बक्षीस चालू राहतं. गावच्या वाचनालयांनी अशाच ठेवींवर अनेक पडते काळ काढले आहेत. बागेसाठी अशी ठेव का असू नये? एका बाकाच्या, एका घसरगुंडीच्या देणग्या सुट्या सुट्या उधळण्यापेक्षा दहा कुटुंबांनी मिळून एका बागेच्या नावे ठेव करावी आणि व्याजातून दुपारच्या पाळीचा एक रखवालदार, स्वच्छतागृह साफ ठेवणारी एक व्यक्ती, दिव्यांची दुरुस्ती एवढंच भागवावं. पाटी लावायचीच असेल तर फाटकावर लावा: ‘ही बाग अमुक यांच्या ठेवीतून दुपारीही खुली असते.’ मला अशी पाटी वाचायला आवडेल. बायकांच्या दृष्टीनं तर स्वच्छतागृह हेच बागेचं खरं फाटक आहे. ते नसेल किंवा कुलूपबंद असेल, तर बाग कितीही सुंदर असो, बाई तिथं अर्ध्या तासावर थांबू शकत नाही. आणि स्वच्छतागृहाच्या रोजच्या सफाईसाठी देणगी दिल्याचं मी अजून कुठं वाचलेलं नाही.

आता ज्या भीतीपोटी अनेक सुजाण माणसं या विषयात दानाचं नावही काढू देत नाहीत, त्या भीतीकडे येतो. ती पूर्णपणे सकारण आहे. मुंबई महापालिकेनं मैदानं आणि बागांचे भूखंड खासगी संस्थांना देखभालीसाठी द्यायचं धोरण राबवलं. बोलणं दत्तक घेण्याचं होतं. घडलं असं की त्यांतल्या काही जागांवर क्लब आणि जिमखाने उभे राहिले, सभासद फी लाखांत गेली आणि ज्या वस्तीसाठी मैदान राखीव होतं तिथली पोरं कुंपणाबाहेरून बघत राहिली. जानेवारी 2016 मध्ये महापालिकेच्या सभागृहानं पुन्हा दत्तक धोरण मंजूर केलं. नागरिकांनी एवढा गदारोळ केला की मुख्यमंत्र्यांना स्थगिती द्यावी लागली, आणि संस्थांकडे असलेले दोनशेहून अधिक भूखंड परत घ्या असं महापालिकेला सांगावं लागलं. काही परत आले, काहींसाठी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार चालला. 2023 मध्ये नवा मसुदा आला तेव्हा हरकती घेणारे पुन्हा तेच कार्यकर्ते होते, आणखी थोडे म्हातारे झालेले. ज्या शहरात माणशी मोकळी जागा सव्वा चौरस मीटरच्या आसपास आहे, म्हणजे एक सतरंजी जेमतेम पसरेल एवढी, तिथं त्या कार्यकर्त्यांनी हट्टीपणा केला नसता तर काय उरलं असतं हा विचार करवत नाही.

चांगल्या हेतूच्या आडूनही जागा जाते. बंगलोरमध्ये एका वसाहतीत उद्यानासाठी राखलेली जागा खासगी वैद्यकीय न्यासाला रुग्णालय बांधायला देण्यात आली. आता रुग्णालयाला नाही कोण म्हणणार? रहिवासी म्हणाले. 1991 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला. मोकळी जागा ही रहिवाशांच्या आरोग्यासाठीच असते आणि ती अशी दुसऱ्या कामाला वळवता येत नाही, असा त्याचा मथितार्थ. आपल्याकडे समाजमंदिर, वाचनालय, योगकेंद्र, ज्येष्ठ नागरिक कट्टा अशा नावांनी मैदानाचा एकेक कोपरा जातो. प्रत्येक वेळी कारण इतकं पवित्र असतं की विरोध करणारा समाजद्रोही ठरतो. त्या वेळी हा निकाल वाचून दाखवावा.

पण यावरून दान नकोच असं ठरत नाही. मुंबईच्या त्या दत्तक धोरणात चूक कुठं होती ते नीट पाहिलं पाहिजे. संस्थेला जागेच्या मोबदल्यात काहीतरी मिळत होतं: बांधकाम, सभासद, भाडं. त्याला दान म्हणणंच चुकीचं, तो सौदा होता. त्याच मुंबईत ओव्हल मैदानाचं उदाहरण आहे. नव्वदच्या दशकात ते मैदान रया गेलेलं होतं. परिसरातल्या रहिवाशांच्या ट्रस्टनं त्यासाठी कोर्टकचेरी केली, मैदान सुधारून घेतलं, देखभालीत भाग उचलला. आजही तिथं एका वेळी क्रिकेटचे इतके डाव चालतात की कुठला चेंडू कुठल्या डावातला हे परक्याला कळत नाही, आणि खेळणारी पोरं लोकलनं लांबून आलेली असतात. डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाचं जीर्णोद्धाराचं कामही असंच. महापालिका, वारसा जपणारी इन्टॅक ही संस्था आणि जमनालाल बजाज फाउंडेशन यांनी 2003 मध्ये करार केला. पैसा आणि कौशल्य बाहेरचं, वास्तू महापालिकेची. 2008 मध्ये ते पुन्हा लोकांना खुलं झालं.

इंग्लंडमधल्या नॅशनल ट्रस्टनं हा प्रश्न मुळापाशी सोडवला. 1895 मध्ये ही संस्था निघाली ती ऑक्टेव्हिया हिल यांच्यासारख्या, लंडनच्या गरीब वस्त्यांत घरांचं काम करणाऱ्या बाईंच्या पुढाकारानं. दाटीवाटीत राहणाऱ्या माणसाला डोंगर आणि समुद्र बघायला मिळाला पाहिजे ही त्यामागची तळमळ. संस्थेला मिळालेली पहिली जमीन होती वेल्समधली समुद्राकाठची साडेचार एकर टेकडी, फॅनी टॅल्बट या बाईंनी दिलेली. मग 1907 मध्ये पार्लमेंटनं कायदा केला की ट्रस्टनं ‘अहस्तांतरणीय’ ठरवलेली जमीन विकता येणार नाही, गहाण टाकता येणार नाही. दात्याचे वारस बदलले, विश्वस्त बदलले, सरकारं बदलली तरी जमीन हलत नाही. आपल्याकडे धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीनं ट्रस्टची जमीन विकता येते. आणि ही परवानगी कशी मिळवली जाते हे जमिनीच्या व्यवहारात वावरणाऱ्या कुणालाही विचारा. लोकांसाठी दिलेल्या मोकळ्या जमिनीपुरती तरी ही दारं कायद्यानं बंद व्हायला हवीत.

न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कची देखभाल 1980 पासून एक धर्मादाय संस्था पाहते. खर्चाचा मोठा भाग देणग्यांतून येतो, जमीन शहराचीच आहे, प्रवेश सर्वांना फुकट. 2012 मध्ये एका अब्जाधीशानं त्या एका उद्यानाला 10 कोटी डॉलर दिले, तेव्हा शहरातून नाराजी उमटली ती फार महत्त्वाची होती. लोक म्हणाले, ज्या उद्यानाच्या भोवती कोट्यधीश राहतात त्यालाच कोटी मिळणार, ब्राँक्समधल्या पोरांच्या मैदानाला कोण देणार? 2015 मध्ये अशा आठ सधन उद्यानसंस्थांनी गरीब वस्त्यांतल्या उद्यानांसाठी पैसा आणि माणसं द्यायचं कबूल केलं. आपल्याकडे हा प्रश्न याहून तीव्र आहे. देणगी देणारा माणूस आपल्या बाल्कनीतून दिसणाऱ्या बागेला देतो, हा मनुष्यस्वभाव आहे. त्यामुळं मलबार हिलला मिळेल आणि देवनारच्या कचऱ्याच्या डोंगराशेजारी राहणाऱ्या गोवंडीला मिळणार नाही. म्हणून महापालिकेनं बागेसाठी देणगी स्वीकारताना तिचा एक हिस्सा शहराच्या समाईक निधीत घालायचा नियमच करावा, आणि तो निधी सर्वांत कमी मोकळी जागा असलेल्या वॉर्डांत खर्चावा. दाता नाराज होऊन गेला तर जाऊ द्यावा.

खरं तर मुंबई महापालिकेला पैशाची वाण नाही. 74,000 कोटींहून मोठं अंदाजपत्रक मांडणाऱ्या संस्थेनं माळ्याच्या पगारासाठी हात पसरणं शोभत नाही. तिथं नागरिकांनी द्यायचं ते लक्ष, वेळ आणि प्रसंगी वकिलाची फी. देणगीची गरज आहे ती नगरपरिषदांच्या गावांत, जिथं कर्मचाऱ्यांचे पगारच महिनामहिना लांबतात आणि उद्यान म्हणून राखलेल्या जागेवर बाभळी आणि बांधकामाचा राडारोडा असतो. मुंबई-पुण्यात आणि परदेशात जाऊन स्थिरावलेल्यांनी आपापल्या गावाकडे बघावं. मंदिराच्या जीर्णोद्धाराला गावाबाहेरून पैसा येतो, तर गावतळ्याभोवतीच्या वाटेला का येऊ नये?

जंगलांचा प्रश्न वेगळा आहे. बागेत माणसं वाढली की बाग जिवंत होते; जंगलात माणसं वाढली की जंगल मागे सरतं. साताऱ्याजवळच्या कास पठारावर हे सर्वांनी पाहिलं आहे. 2012 मध्ये जागतिक वारशाच्या यादीत नाव आलं आणि फुलांच्या हंगामात शनिवार-रविवारी घाटात गाड्यांच्या रांगा लागू लागल्या. फुलांत लोळून फोटो काढणारे आले. मग रोजच्या पर्यटकांवर मर्यादा आली, आगाऊ नोंदणी आली, शुल्क आलं. जाळीचं कुंपणही आलं आणि त्यावरून बरीच वादावादी झाली. ही मर्यादा मला मान्य आहे, आणि शुल्काचं काम कास, एकीव, आटाळी, कासाणी अशा गावांच्या वन व्यवस्थापन समित्यांकडे गेलं हेही चांगलं झालं. म्हणजे राखीव जंगल खुलं करणं याचा अर्थ सर्वांना एकदम आत सोडणं असा होत नाही. जागा मोजक्या असतील तर त्या कुणाला मिळतात, हा तिथला प्रश्न आहे.

ताडोबात तो उघडा दिसतो. मोहर्लीच्या फाटकावर पहाटे जिप्सींची रांग लागते. एका फेरीला काही हजार रुपये पडतात, आत जाणारे बहुतेक नागपूर, पुणे, मुंबई, हैदराबादचे. जिप्सी चालवणारा आणि गाईड मात्र गावातला. त्याच्या घरच्यांना वाघ माहीत आहे तो मोहफुलं आणि तेंदूपत्ता वेचायला गेलेल्या माणसावर झडप घालणारा म्हणून. चंद्रपूर जिल्ह्यात अशी माणसं दरवर्षी मरतात. ताडोबा तलावाच्या काठी तारू या गोंडांच्या देवाचं ठाणं आहे, पौषात तिथं मोठी यात्रा भरत असे. त्या जंगलातून गावं बाहेर काढली गेली, यात्रेवर बंधनं आली, आणि रिकाम्या झालेल्या जागेत पर्यटक वाघ बघायला आले. व्याघ्रसंवर्धनासाठी काही भाग माणसांपासून मोकळा हवा, हे मी मानतो. पण जंगलासाठी सगळ्यात जास्त सोसलेल्या माणसाला ते पाहायलाही मिळू नये, हे मला मान्य नाही.

इथं दानानं नेमकं काय करता येतं त्याचा नमुना ताडोबातच आहे. ‘चला माझ्या ताडोबाला’ या उपक्रमात भोवतालच्या गावांतल्या शाळकरी मुलांना जंगलात नेऊन फिरवून आणतात. वन्यजीव संरक्षण कायद्यात 2006 च्या दुरुस्तीनं प्रत्येक व्याघ्रप्रकल्पासाठी प्रतिष्ठान स्थापायची तरतूद झाली आणि या प्रतिष्ठानांना देणग्या घेता येतात. कंपन्या त्यांना गस्तीच्या गाड्या, कॅमेरे, वनरक्षकांचे बूट देतात. ते हवंच आहे. त्याच्या जोडीला रोजच्या फेऱ्यांतली एक ठरावीक जिप्सी गावच्या मुलांसाठी, बचत गटातल्या बायकांसाठी, नुकसानभरपाईची वाट बघत बसलेल्या शेतकऱ्यांसाठी कायमची राखीव ठेवावी आणि तिचा खर्च देणगीतून भागवावा. पर्यटकांची एकूण संख्या वाढणार नाही, फक्त आत बसलेली माणसं बदलतील. आणि पौषात तारूच्या दर्शनाला जाणाऱ्यांना त्या दिवसांपुरतं वाहन द्यावं, तेही याच पैशातून.

माहीमचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान मला यासाठी आवडतं. मिठी नदीच्या काठी, धारावीच्या शेजारी 37 एकरांवर पूर्वी शहराचा कचरा पडायचा. त्याचं जंगल करायची कल्पना निसर्गसंवर्धनाचं काम करणाऱ्या स्वयंसेवी संस्थेची, जमीन सरकारी. 1983 मध्ये डॉ. सलीम अलींच्या हातून तिथं झाड लागलं, 1994 मध्ये उद्यान खुलं झालं. जंगल बघायला ताडोबाला जाणं ज्या पोराला कधीच जमणार नाही, त्याला ते चालत जाण्याच्या अंतरावर मिळालं. दानाचा पैसा शहरालगतच्या अशा टाकाऊ जमिनींवर लावला, तर मूळ जंगलांवरचा भार कमी होईल आणि खुलेपणाही वाढेल.

सध्या यातलं बरंच काही मुंबईतच ठरायचं आहे. महालक्ष्मी रेसकोर्सचा 99 वर्षांचा भाडेपट्टा 2013 मध्ये संपला, आणि 2024 मध्ये सरकारनं 211 एकरांपैकी 120 एकरांवर सार्वजनिक उद्यान करायचं ठरवलं. सागरी किनारा मार्गालगत भरावाची जमीन आहे ती वेगळीच. एवढ्या मोठ्या जागांच्या देखभालीसाठी देणगीदार आणि कंपन्या पुढे येणारच. चर्चा मात्र आराखड्यांवर, झाडांच्या आणि पुलांच्या रंगीत चित्रांवर चालते. मला आधी करारनामा बघायचा आहे. त्यात प्रवेश कायम विनामूल्य असल्याचं लिहिलं आहे का? डॉ. ई. मोझेस मार्गाच्या बाजूला, सात रस्ता आणि धोबीघाटाकडून चालत येणाऱ्यांसाठी फाटक आहे का, की सगळी फाटकं गाड्यांच्या बाजूला? लग्नं, प्रदर्शनं, कंपन्यांचे कार्यक्रम यांसाठी एक चौरस फूटही बंद करता येणार नाही, असं कलम आहे का? देणगीदाराला नावाची पाटी सोडून दुसरं काय मिळणार आहे, आणि देखभालीचा वार्षिक हिशेब फाटकावर लागणार आहे का? हा करार मराठीत, साध्या भाषेत छापून हरकती-सूचनांसाठी लोकांपुढे ठेवावा, आणि तो निविदा निघण्याच्या आधी.